गिरगावातून आलेले पाच लॅपटॉप

जुलैचा शेवटचा आठवडा, सोमवार. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात पोचेपर्यंत गुडघ्यापर्यंत भिजले होते. (रस्त्याच्या पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा. १९०७ साली जो गव्हर्नर मुंबई सोडून गेला, त्याचंच नाव अजून सगळ्यांच्या तोंडी.) आमचा गाळा दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय आठचा. शटर वर करून मायक्रोस्कोपवरचं फडकं काढते न काढते, तोच जिन्यातून हाक आली, "ताई, जरा हात द्या!"

सीएंच्या ऑफिसातले शिपाईमामा. छातीशी बिस्किटांचं खोकं, वर प्लास्टिकचा कागद. खोक्यात पाच लॅपटॉप.

झालं होतं ते असं. ऑफिस गिरगावात, जुन्या इमारतीत, छत म्हणजे वरच्या बिऱ्हाडाची लाकडी जमीन. वरची मंडळी शनिवारी रात्री गावी गेली. निघताना नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे नळ उघडा राहिल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. रविवारी पहाटे पाणी आलं. मोरीच्या जाळीवर फडकं पडलेलं. पाण्याला जायला एकच वाट उरली, ती खाली. शेजाऱ्यांनी मामांना फोन केला तोवर दुपार झाली होती आणि आर्टिकलच्या, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या, पोरांच्या लांब टेबलावर चुनखडीच्या पाण्याचं तळं साचलं होतं.

रिटर्न भरायची मुदत ३१ जुलै. हातात जेमतेम चार दिवस.

मी एकोणीस वर्षं लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतेय. गिऱ्हाईक आत आलं की अजूनही आधी विचारतं, "मेकॅनिक कुठे गेलेत?" या एकोणीस वर्षांत दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला असेल तो हा, की महागडा लॅपटॉप घ्यावा की साधा, जास्तीचे पैसे वसूल होतात का. मी दर वेळी काहीतरी उत्तर देते. पण एकाच छताखाली, एकाच पाण्यात, एकाच दिवशी तीन किमतींचे लॅपटॉप भिजून माझ्यासमोर यावेत, असं आधी कधी झालं नव्हतं.

टेबलावर ओळीने मांडले. एक सीए साहेबांचा, ॲल्युमिनियमचा, दोन वर्षांपूर्वी १,४०,००० ला घेतलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, मला सगळ्यांचेच लॅपटॉप दुरुस्त करायचे असतात. दोन जुने, जाड, काळे. नवे होते तेव्हा लाखाच्या घरातले, मोठ्या कंपन्या लीजवर घेतात त्या जातीचे. लीज संपल्यावर बाजारात आले आणि साहेबांनी ते २४,००० ला एक असे उचलले. उरलेले दोन प्लास्टिकचे, पंधरा महिन्यांचे, प्रत्येकी ४०,००० चे. या शेवटच्या दोघांची शिफारस माझी होती, हे आधीच सांगून टाकते. "आर्टिकलच्या पोरांना टॅली आणि एक्सेलच करायचंय, चाळीस हजारांचा भरपूर झाला," हे माझेच शब्द.

आधी काळे घेतले. मामांनी रविवारी एक शहाणपणाची गोष्ट केली होती. या लॅपटॉपची बॅटरी बाहेरून निघते, तळाला दोन खटके असतात. मामांनी खटके सरकवून दोन्ही बॅटऱ्या काढल्या आणि लॅपटॉप तंबूसारखे उलटे उभे केले. "तुम्हीच मागे सांगितलं होतंत, पाणी गेलं तर आधी करंट तोडायचा." मला आठवतही नव्हतं. पाण्याने बोर्ड लगेच मरत नाही. पाणी आणि वीज एकत्र आली की तांबं हिरवं पडतं, चिपांचे पाय झडतात. चार्जर काढला म्हणजे भागत नाही, बॅटरी आत असेपर्यंत बोर्डात जीव असतो.

पहिला काळा उघडला. कीबोर्ड उचलला तर खाली प्लास्टिकची पन्हळ, आणि पन्हळीच्या टोकाला आरपार भोक. वरून पडलेलं पाणी पन्हळीतून वाहून तळातून निघून गेलेलं. पन्हळीत चुन्याची पांढरी रेघ उरली होती, पावसानंतर भिंतीवर राहते तशी. बोर्ड कोरडा ठणठणीत. ही युक्ती नवी नाही. थिंकपॅड आयबीएमने १९९२ मध्ये आणला आणि २००५ मध्ये तो लेनोव्होकडे गेला, त्या घराण्याच्या कीबोर्डाखाली अशी सोय कित्येक वर्षं आहे, आणि ऑफिससाठी बनणाऱ्या इतर कंपन्यांच्या मालिकांतही ती दिसते. जाहिरातीत मात्र दिसत नाही. शोरूममध्ये कीबोर्ड उचलून कोण बघतंय?

दुसऱ्या काळ्याचा कीबोर्ड गेला होता, बोर्ड वाचला. नवा कीबोर्ड १,८०० रुपये, दोन स्क्रू, दहा मिनिटं. दुपारी बाराच्या आत दोन्ही चालू.

मग माझे लाडके चाळीस हजारवाले. एक टेबलावर उघडा राहिलेला, त्याच्या चार्जिंगच्या भागात बोर्ड काळा पडला होता, लेअर आतून जळलेले. मी नख लावून बघितलं आणि सोडून दिला. पण त्याचा एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारा भाग, एका स्क्रूवर बसवलेला असतो, बोटाएवढी पट्टी. काढला, पुसला, कोरडा.

तेवढ्यात त्या लॅपटॉपची मालकीण, आर्टिकलची मुलगी, धापा टाकत वर आली. डोळे सुजलेले. "ताई, बावीस क्लायंटची टॅली आहे त्यात." मी तो एसएसडी दुसऱ्या चाळीस हजारवाल्यात घातला. मॉडेल तेच, शिवाय तो बॅगेत राहिल्यामुळे भिजलाच नव्हता. चालू केला तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागायला लागला. विंडोज हल्ली स्वतःहून डिस्कला कुलूप घालतं, हे निम्म्या लोकांना असं रडल्यावरच कळतं. नशिबाने तिचं मायक्रोसॉफ्टचं खातं होतं. मोबाइलवर की सापडली, तिने एकेक आकडा मोठ्याने वाचला, मी टाइप केला. बावीसही क्लायंट हजर.

मग हा न भिजलेला लॅपटॉप खोक्यात कशाला, असं मामांना विचारलं. मामांनी झाकण उघडून दाखवलं. डाव्या बाजूचं बिजागर उखडलेलं. बिजागराचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट प्लास्टिकमध्ये गरम करून दाबलेले असतात. दिवसातून वीस वेळा झाकण उघडायचं, तेही एका कोपऱ्याला धरून. वर्षभरात प्लास्टिक हरतं आणि नट मुळासकट बाहेर येतो, दुधाचा दात पडावा तसा. पंधरा महिन्यांत. माझी शिफारस. मी काही बोलले नाही, इपॉक्सी कालवायला घेतलं.

दोनच्या सुमारास साहेब स्वतः आले. छत्री कोपऱ्यात उभी केली, खुर्ची ओढली. "माझ्यातही पट्टी असेल ना तशी? काढा आणि द्या दुसऱ्यात घालून."

"नाही साहेब. तुमच्यात पट्टी नाही. रॅम बोर्डावर डकवलेली, स्टोरेज बोर्डावर डकवलेलं. चिप उपटून दुसरीकडे लावली तरी उघडणार नाही, तिची किल्ली याच बोर्डात आहे. बोर्ड जिवंत झाला तरच डेटा."

"एक लाख चाळीस हजार दिलेत हो मी."

"बॅकअप?"

"मार्चचा आहे."

ऑडिटचे कागद एप्रिलनंतरचे. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मी मागचं झाकण उघडलं. चार्जिंगच्या पोर्टात काहीतरी पांढरं अडकलेलं. चिमट्याने ओढलं तर तांदळाचा दाणा. साहेब ओशाळले, "घरी डब्यात ठेवला होता रात्रभर. हिने सांगितलं, तांदूळ पाणी ओढून घेतो." कोलम होता. तांदूळ पाणी किती ओढतो देव जाणे, बोर्डावरच्या चिपखालचं तर अजिबात नाही. आणि त्या रात्रभर आतली बॅटरी बोर्डाला वीज पुरवत होती. मामांच्या खटक्यासारखा खटका यात नाही. बॅटरी सोडवायची तर आधी बारीक तारेसारखे दहा स्क्रू.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. आतलं काम देखणं होतं. प्रत्येक केबलला स्वतःची खोबण, स्क्रू धातूत, बिजागर दोन वर्षांनंतरही एका बोटाने उघडेल असं. साहेबांना शेजारी बसवून दोन्ही पडदे एकत्र लावून दाखवले, माझ्याकडचा एक तेवढाच मोठा, महागड्या लॅपटॉपचा पॅनेल आणि चाळीस हजारवाल्याचा. कागदावर दोन्ही फुल एचडी. पण स्वस्तवाल्याचा उजेड मंद, २५० निट्स, आणि रंग अपुरे, ४५ टक्के एनटीएससी. त्यावर लाल रंग विटेसारखा दिसतो, आणि खिडकीपाशी बसलं की आपलाच चेहरा. दिवसाचे दहा तास आकडे वाचणाऱ्याने तो विकत घेऊ नये, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं. आतापर्यंत मी प्रोसेसर, रॅम, एसएसडी एवढंच बघून सल्ला देत होते, आणि हे तिन्ही स्वस्त लॅपटॉपातही जवळपास तेच मिळतं.

जळलेला बोर्डही मायक्रोस्कोपखाली धरला. "हा कोपऱ्यातला नंबर वाचा. एलएपासून सुरू होतो ना? म्हणजे बोर्ड कॉम्पालचा, तैवानची कंपनी. आता माझ्या रॅकवरचा हा दुसऱ्या ब्रँडचा, ऐंशी हजारांचा. याचा नंबर?"

"एलए." साहेबांनी पुन्हा वाचला. "म्हणजे सगळे एकच?"

"सगळे एकच नाहीत. बनवणारा तोच असतो, किती पैशांचं बनवायचं ते सांगणारा वेगळा. एकच ब्रँड चाळीस हजारांचाही विकतो आणि दीड लाखाचाही. नावाकडे बघून घेतलं की फसायला होतं."

मग कामाला लागले. मीटर लावला, मुख्य लाइन जमिनीला ०.२ ओहम. सरळ शॉर्ट, वीज कामाला न लागता थेट जमिनीला जातेय. हिरवा गंज तीन ठिकाणी. अल्कोहोलने ब्रश मारून धुतलं, अल्ट्रासॉनिकच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या, टबात बुडवलं, गरम हवेवर सुकवलं. पुन्हा मीटर, पुन्हा ०.२. अशा लाइनवर दाण्याएवढे चाळीसेक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारे भाग, समांतर बसलेले असतात आणि दोषी बहुधा एकच असतो. बोर्डावर पुन्हा अल्कोहोल पसरलं, बेंच सप्लायवरून एक व्होल्ट सोडला, दोन अँपिअर, आणि डोळा मायक्रोस्कोपला लावून बसले. जो शॉर्ट असतो तो तापतो, आणि त्याच्यावरचं अल्कोहोल आधी उडतं.

पहिल्या वेळी काही दिसलं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. साहेबांनी तोवर दोन चहा मागवले आणि दोन्ही स्वतःच प्यायले. तिसऱ्या वेळी चिपवरच्या एका पत्र्याच्या ढालीच्या कडेला, पोस्ताच्या दाण्याएवढा कपॅसिटर, त्याच्या डोक्यावरची ओल सर्रकन गोल होऊन नाहीशी झाली. ढाल कापली, कपॅसिटर उचलला, मीटर लावला. शॉर्ट गेला.

पावणेनऊला बोर्डाने चार्जरमधून वीज खेचायला सुरुवात केली. पडदा उजळला. साहेबांनी पासवर्ड टाकताना दोनदा चुकवला.

मजुरी ९,५०० घेतली. नवा बोर्ड घातला असता तर त्याच्या कैक पट गेले असते, आणि डेटा गेला असता तो वेगळाच. वॉरंटीचा प्रश्नच नव्हता. पाण्याला साधी वॉरंटी लागत नाही, अपघाताचं संरक्षण वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, आणि दीड लाखाचं यंत्र घेणारा माणूस ते पैसे हमखास वाचवतो.

"मग पुढच्या वेळी काय घेऊ?" साहेबांनी विचारलंच.

"तुमच्यासाठी परत असाच. तुम्ही रोज बॅगेत घालून फिरता, क्लायंटसमोर उघडता, पडदा आणि बॅटरी तुम्हाला रोज कामाला येते. पंखा नसलेला आणि दिवसभर चालणारा लॅपटॉप हवा तर त्याला पैसे लागतातच. ॲपलने २०२० मध्ये एम१ चिप आणली, तिच्यावरचा मॅकबुक एअर तेव्हा ९२,९०० ला, त्यानंतर तर महागडं म्हणजे नुसता दिखावा असं मलाही म्हणता येत नाही. फक्त अपघाताचं संरक्षण घ्या आणि बॅकअप रोजचा. पोरांना मात्र काळेच आणा, लीजवरून सुटलेले. आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल नको, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. आणि पुन्हा चाळीस हजारवाले नकोत."

"ते तुम्हीच सांगितले होतेत."

"हो."

खाली टॅक्सी उभी होती, पाऊस तसाच. मामांनी डिकी उघडली, तर अर्धी डिकी सीएनजीच्या टाकीने भरलेली आणि उरलेल्या जागेत पाणी. मग ते मागच्या सीटवर बसले आणि लॅपटॉप एकावर एक मांडीवर रचून घेतले. सगळ्यात वर काळे दोन, मधे चाळीस हजारवाले, त्यातला एक मेलेला. साहेबांचा सगळ्यात खाली.

"अहो, माझा वर ठेवा," साहेब छत्री मिटत म्हणाले.

"असू दे साहेब, तुमचा धातूचा आहे," मामा म्हणाले, "वजन पेलेल."