श्वासाबरोबर न हलणारी रेघ

चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं : डावा पाय सुजलाय, डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) करून गुठळी आहे का पाहावं. पन्नाशीतले गृहस्थ, सोबत बायको. डावा पाय मांडीपासून टम्म, बोटानं दाबलं की खळगा पडत होता. उजवा अगदी ठीक. जांघेत एक गाठ हाताला लागत होती आणि तिची सुईची तपासणी आधी दुसरीकडे झालेली होती. फाइलमध्ये तोच कागद सगळ्यात वर : 'रिअ‍ॅक्टिव्ह'. म्हणजे साधं अवधाण. त्या एका शब्दाच्या भरवशावर घरातल्यांनी तीन आठवडे काढले होते.

मी जांघेपासून पोटरीपर्यंत शीर दाबत गेले. शिरेत गुठळी नसेल तर ती सोनोग्राफीच्या प्रोबखाली पूर्ण मिटते. काकांची प्रत्येक शीर मिटत होती. 'गुठळी नाही' असं लिहून मोकळं होता आलं असतं, बाहेर रांगही होती. पण जांघेतल्या मोठ्या शिरेचा आलेख मला खटकला. या शिरेतला प्रवाह श्वासाबरोबर कमी-जास्त होतो, पडद्यावर लाट उमटते. उजवीकडे तशी लाट होती, डावीकडे सपाट रेघ. "काका, दीर्घ श्वास घ्या." रेघ ढिम्म हलली नाही. म्हणजे रक्ताची वाट वरती, ओटीपोटात, कुठेतरी अडली होती.

पोटाचा प्रोब लावला. शिरेला चहूबाजूंनी वेढून काळपट लसिका ग्रंथींचा घड बसला होता, त्यातली सर्वांत मोठी सहा सेंटिमीटरची. तिच्यामुळे मूत्रवाहिनीही दाबली गेली होती आणि डावी किडनी फुगली होती. काकांना लघवीचा काहीच त्रास नव्हता, कारण उजवी किडनी काम निभावून नेत होती.

मी लगेच पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सूज उतरायला स्टेरॉइड सुरू करतो. मी अक्षरशः विनवणी केली की बायॉप्सी होईपर्यंत थांबा. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, असेल तर स्टेरॉइडनं त्याच्या पेशी मरतात, गाठ आक्रसते आणि तुकड्यात निदान करण्यासारखं काही उरत नाही. त्यांनी तत्काळ ऐकलं, याचं मला आजही बरं वाटतं.

सीटी स्कॅनखाली बायॉप्सी करायची ठरली, तेव्हा काकू अडून बसल्या. "डॉक्टर, गाठीला सुई लावली की पसरतो म्हणतात." ही भीती मी रोज ऐकते. त्यांना जवळ बसवून सांगितलं, की लिम्फोमा हा लसिका पेशींचा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचा आजार आहे. या पेशी मुळातच अंगभर फिरणाऱ्या, सुईनं त्या पसरत नाहीत. म्हणूनच गाठ कापून टाकणं हा त्यावरचा इलाज नाही, औषधच सगळीकडे पोचायला हवं. "मग आधीची सुई काय खोटी बोलली?" काकांनी विचारलं. खोटी नव्हती. जांघेतल्या ग्रंथी पायाच्या बारीकसारीक जखमांनीही सुजतात. हाताला लागली म्हणून तीच तपासली गेली, आजार मात्र खोल होता. शिवाय बारीक सुईत सुट्या पेशी येतात, ग्रंथीची वीण दिसत नाही. लिम्फोमाचा प्रकार ठरवायला ती वीण लागते.

जाड सुईनं चार तुकडे काढले. फॉर्मालिनच्या बाटलीत पांढऱ्या दोऱ्यासारखे ते तळाशी गेले.

रिपोर्ट आला : डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, सीडी-20 पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-20 नावाचं प्रथिन असलेला. नॉन-हॉजकिन गटातला हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. थॉमस हॉजकिननं 1832 मध्ये वर्णन केलेल्या आजारात न बसणारे सगळे लिम्फोमा या गटात येतात, त्यामुळे त्यात डझनावारी प्रकार आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. काही इतके संथ, की वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवलं जातं. काकांचा वेगानं वाढणारा होता, पण पुष्कळांमध्ये औषधानं पूर्ण बरा होणाराही. पेट स्कॅनमध्ये, जिथे असा आजार चमकून दिसतो, तो ओटीपोटात आणि महाधमनीलगतच्या ग्रंथींत सापडला, छाती आणि पोटामधला पडदा ओलांडून वर गेलेला नव्हता. म्हणजे दुसरा टप्पा.

मूत्रवाहिनीत स्टेंट बसला. हिपॅटायटिस बी आणि हृदयाची तपासणी झाली. मग दर 21 दिवसांनी आर-चॉप हा केमोथेरपीचा औषधसंच, एकूण सहा वेळा. त्यातलं रिटुक्सिमॅब हे औषध नेमकं त्या सीडी-20 ला जाऊन चिकटतं. हे मी काकूंना सांगितलं, तेव्हा त्यांनी वहीत 'सीडी वीस' असं लिहून घेतलं.

उपचार संपल्यावर काका पुन्हा माझ्या टेबलवर आले. केस गेलेले, चेहरा उतरलेला, पण दोन्ही पाय सारखे. डाव्या जांघेवर प्रोब ठेवला. "श्वास घ्या." रेघ खाली गेली. सोडल्यावर वर आली. मी त्यांना तीनदा श्वास घ्यायला लावला.

घडाच्या जागी जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा एक ठिपका उरला होता. काकांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ते काय आहे?" पेट स्कॅनमध्ये तिथे चमक उरलेली नाही, तो बहुधा व्रण असावा, असं मी सांगितलं. "बहुधा?" ते म्हणाले. "हो काका, बहुधा. तीन महिन्यांनी परत बघू."