दोर धरणाराच आरोपी का होतो? सेप्टिक टँकमधल्या दोन मृत्यूंची फाइल

पुण्याच्या उपनगरातल्या एका सोसायटीत ऑगस्ट २०२४ मध्ये सेप्टिक टँक साफ करताना दोन कामगार गेले. पहिला गाळ काढायला उतरला होता, दुसरा त्याला बाहेर काढायला. दोन्ही घरांच्या वतीने मी वकील म्हणून उभा राहिलो, तेव्हा पोलीस ठाण्यात एकच माणूस बसवून ठेवलेला होता: वर उभा राहून दोर धरणारा मुकादम. त्याची मजुरी त्या दोघांपेक्षा दिवसाला शंभर रुपयांनी जास्त, एवढाच त्याचा अधिकार. काम देणारा ठेकेदार आणि काम सांगणारे सोसायटीचे सेक्रेटरी यांचे जबाब तोवर साक्षीदार म्हणून घेऊन झाले होते.

अशा मृत्यूंत जबाबदारी कुठल्या पायरीवर थांबते, ते पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या कागदांवर ठरतं. म्हणून ते दिवस सविस्तर सांगतो.

आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, म्हणजे एडीआर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली मरणोत्तर पंचनामा होतो आणि मृतदेह शवविच्छेदनाला जातो. "वकीलसाहेब, एडीआर होऊ द्या, पीएम (शवविच्छेदन अहवाल) येऊ द्या, मग बघू," असं अधिकारी सांगतात. यात मोठा धोका आहे. नातेवाईक मृतदेह घेऊन गावी जातात, फिर्याद द्यायला कोणी उरत नाही आणि एडीआर तसाच पडून राहतो. नातेवाईक निघण्याआधी एकाची लेखी तक्रार ठाण्यात द्यावी आणि पोच घ्यावी. आम्ही धाकट्या भावाची दिली. त्यात काम कोणी सांगितलं, पैसे कोण देणार होतं, आत उतरायला कोणी सांगितलं आणि कोणती साधनं दिली नव्हती, एवढ्या चारच गोष्टी होत्या. कलमं लिहिण्यापेक्षा या चार गोष्टी नीट लिहिणं जास्त उपयोगी पडतं.

शवविच्छेदनात एक गोष्ट हमखास चुकते. सेप्टिक टँकमध्ये बहुतेक वेळा मारतो तो हायड्रोजन सल्फाइड. हा वायू रक्तातून झपाट्याने उडून जातो. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे तुकडे, मिठाच्या पाण्यात घालून नेहमीच्या बरणीत पाठवला, की काही महिन्यांनी सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, येतो: "विषद्रव्य आढळले नाही." बचावाला एवढं पुरतं. म्हणून तपास अधिकाऱ्यांना त्याच दिवशी अर्ज द्यावा, की रक्ताची बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करावी, लघवीचा नमुनाही घ्यावा आणि प्रयोगशाळेला थायोसल्फेटची तपासणी मागावी. हा पदार्थ शरीरात त्या वायूपासून बनतो आणि जास्त टिकतो. श्वासनलिकेत मैला सापडला का, हेही अहवालात यायला हवं, कारण बेशुद्ध होऊन गाळात तोंड बुडणं हा मृत्यूचा दुसरा मार्ग आहे. आमच्या प्रकरणात एकाच्या श्वासनलिकेत गाळ होता, दुसऱ्याच्या नव्हता. अग्निशमन दलाने उतरण्याआधी टाकीत वायुमापक सोडून घेतलेलं रीडिंग त्यांच्या अहवालात होतं. सीए रिपोर्ट कोरा आला, तेव्हा त्या रीडिंगने आम्हाला तारलं. हा अहवाल पहिल्या आठवड्यात मागावा.

आता कलमांकडे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला भारतीय दंड विधानाचं ३०४अ लागतं, कमाल २ वर्षं. त्यानंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं १०६(१) लागतं. हयगयीने मृत्यू, कमाल ५ वर्षं आणि दंड, जामीनपात्र. त्याच्या वर १०५ आहे, सदोष मनुष्यवध. मृत्यूची शक्यता आहे हे जाणूनही कृत्य केलं, तर त्याच्या दुसऱ्या भागात १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते अजामीनपात्र आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. दोन्हींत एक व्यावहारिक फरकही आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे ३ ते ७ वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. १०६(१) त्यात बसतं, १०५ बसत नाही. शिवाय ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी येण्याची तरतूद १७६(३) मध्ये आहे. सुरुवातीला हलकं कलम लागलं, तर पुढचा पुरावाही हलकाच गोळा होतो.

२०१३ चा हाताने मैला साफ करण्यावर बंदी आणणारा कायदा पोलीस बहुतेक वेळा लावतच नाहीत. त्याच्या कलम ७ प्रमाणे गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही कामावर लावता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला कलम ९ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम २२ ने हे गुन्हे अजामीनपात्र आहेत. पण कलम १० लक्षात ठेवा: घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार झाली नाही, तर न्यायालय दखल घेऊ शकत नाही. पोलिसांचा एफआयआर ही त्या अर्थाने तक्रार ठरते का, हा वाद पुढे उभा राहू नये म्हणून आम्ही चाळिसाव्या दिवशी दंडाधिकाऱ्यांसमोर वेगळी तक्रार दाखल केली. तीन महिने उलटल्यावर जाग आलेली प्रकरणं मी पाहिली आहेत. त्यात काहीच करता येत नाही.

एफआयआर झाला तो १०६(१) खाली, फिर्यादी एक हवालदार, आरोपी मुकादम. मृतांचे वारस कायद्याने "पीडित" आहेत, त्यामुळे एफआयआरची प्रत मोफत मिळते आणि तपास कुठवर आला ते ९० दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. आम्ही सुरक्षा संहितेच्या १७३(४) प्रमाणे पोलीस उपायुक्तांना लिहिलं, नंतर १७५(३) खाली शपथपत्रासह न्यायालयात गेलो. अर्जात मागणी नेमकी ठेवली: १०५ आणि २०१३ च्या कायद्याची कलमं वाढवावीत, सोसायटीचं दप्तर कलम ९४ खाली ताब्यात घ्यावं, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रीकरण साठवणारं यंत्र, जप्त करावा. डीव्हीआर थोड्याच दिवसांत स्वतःवरच पुन्हा लिहीत जातो, म्हणून त्याचा अर्ज सगळ्यांत आधी. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, हॅश व्हॅल्यूसह, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासह. ते राहिलं, की चित्रीकरण बाद करण्याची मागणी हमखास येते.

दप्तरात व्हाउचर सापडलं. गुलाबी कार्बन प्रत, ठेकेदाराच्या हातची: "टँकर ३ खेपा. लेबर २ (आत उतरून)." खाली अॅडव्हान्सची रक्कम आणि सेक्रेटरींची सही. तारीख घटनेच्या आदल्या दिवसाची.

या चार शब्दांवर सगळा खटला फिरला. तोपर्यंत बचाव असा होता, की करार फक्त सक्शन टँकरने उपसा करण्याचा होता, कामगार आपणहून उतरले. टँकर वरचं पाणी ओढतो. तळाला बसलेला घट्ट गाळ पाइपात येत नाही, आणि तेवढ्यासाठीच माणूस उतरवला जातो. माणूस उतरणार हे आदल्या दिवशी ठरलं होतं आणि त्याचे पैसेही ठरले होते. "झाकणं दोन तास उघडी ठेवली होती" हा दुसरा बचावही त्यामुळे टिकला नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो, आणि फावड्याने गाळ हलवला की आत अडकलेला वायू एकदम सुटतो. साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग वायू) नाक बधिर होतं, वास यायचाच थांबतो. ७०० च्या वर गेला, तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. काठावर उभं राहून वास घेणं ही तपासणीच नव्हे. वायुमापक दोराला बांधून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर सोडावा लागतो.

कायद्याचा खरा झगडा कारणाचा आहे. बचावाचे वकील कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९६५ चा निकाल आणतातच. मुंबईच्या रंगाच्या कारखान्यात आग लागून सात कामगार गेले. सर्वोच्च न्यायालयाने मालकाला ३०४अ मधून सोडलं, कारण परवान्याच्या अटी मोडल्या असल्या, तरी मृत्यूचं लगतचं कारण एका कामगाराने तापलेल्या रसायनात घाईने टर्पेंटाइन ओतणं हे होतं. आमच्याकडे याचा उपयोग दुसऱ्या मृत्यूबाबत झाला: तो स्वतःहून उडी मारून उतरला, आमचा काय संबंध? याचं उत्तर तयार हवं. सहकारी कोसळला की वरचा माणूस धावतो, हे इतकं अपेक्षित आहे, की बंदिस्त जागेच्या कामात तिपाई, कप्पी आणि हार्नेस याचसाठी ठेवतात. ती ठेवली असती तर उतरायची वेळच आली नसती. रंगवाला प्रकरणातली चूक मालकाच्या सूचनेबाहेरची होती, इथे माणूस उतरवणं हेच ठरलेलं काम होतं.

"जाणीव" दाखवायला ॲलिस्टर परेरा प्रकरण वापरलं. २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. सत्र न्यायालयाने ३०४अ धरलं, उच्च न्यायालयाने ३०४ भाग दोन (आताच्या १०५ चा दुसरा भाग), आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. समोरून केशुब महिंद्र, १९९६ चा भोपाळ वायुदुर्घटनेचा निकाल आला, ज्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांवरचं कलम ३०४ भाग दोनवरून ३०४अ वर आणलं होतं. माझ्या मते दोन्ही निकाल एकच गोष्ट विचारतात: त्या माणसाला त्या दिवशी काय माहीत होतं, आणि ते कशावरून? उत्तर कागदात लागतं. आमच्याकडे व्हाउचर होतं.

मुकादमाचा जबाब आम्ही दंडाधिकाऱ्यांसमोर कलम १८३ खाली नोंदवून घेण्याचा आग्रह धरला. मृतांपैकी एकाच्या पत्नी मला म्हणाल्या, "साहेब, त्याला का वाचवताय? दोर त्याच्याच हातात होता ना." प्रश्न रास्त होता. मी त्यांना सांगितलं, की ताई, त्याला हजेरी मिळत होती, कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. तो आरोपी राहिला, तर ठेकेदाराने काय सांगितलं हे सांगणारं कोणी उरणार नाही. दोषारोपपत्रात तो साक्षीदार क्रमांक ४ झाला.

भरपाईसाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहायची नसते. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारातल्या मृत्यूसाठी रक्कम १० लाखांवरून ३० लाख केली. "सोसायटी खासगी आहे, शासनाचा संबंध नाही" असं उत्तर येतं. गोवंडीच्या खासगी सोसायटीत डिसेंबर २०१९ मध्ये गेलेल्या तीन कामगारांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याला भरपाई द्यायला लावली, तो आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जाला जोडावा. सोबत एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, वारस दाखला, पासबुक. नावाचं स्पेलिंग चारही कागदांवर एकच आहे ना, हे आधी तपासा. आमच्या एका घराचे दोन महिने एका अक्षरापायी गेले.

आरोप निश्चित झाले तेव्हा ठेकेदारावर १०५ टिकलं. सेक्रेटरींवर १०६(१) आणि २०१३ च्या कायद्याचं कलम ९ राहिलं. व्हाउचरवर सही असूनही त्यांना १०५ मधून वगळलं, हे मला पटलेलं नाही, आणि त्याविरुद्धचा आमचा अर्ज उच्च न्यायालयात आहे. चेअरमन सुटले, कारण कामाचा ठराव इतिवृत्तात नव्हता आणि त्यांची कुठेही सही नव्हती. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांची साक्ष झाली. मुकादमाची पुढच्या तारखेला आहे.