सॉकेट जुळले म्हणजे सगळे जुळले असे नाही

२०१९ साली मी स्वतःसाठी संगणक जोडायला घेतला, तेव्हा एएमडीचा रायझन ५ ३६०० हा प्रोसेसर आणि बी४५० चिपसेटचा (बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणारी मुख्य चिप) मदरबोर्ड निवडला होता. दोन्हींचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायचा साचा, एएम४ आहे एवढे पाहून मी निश्चिंत झालो. प्रोसेसर अलगद बसला, पंखे फिरू लागले, पण पडद्यावर काहीच उमटेना. रॅम काढून पुन्हा लावण्यात आणि केबली बदलण्यात अख्खी संध्याकाळ गेली. बोर्डावरचा बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारी बोर्डातली मूळ प्रणाली, २०१८ मधला होता आणि प्रोसेसर जुलै २०१९ मध्ये बाजारात आलेला, त्यामुळे बायोसला तो ओळखताच येत नव्हता, हे दुसऱ्या दिवशी उमगले. चूक माझीच होती, कारण बोर्डाच्या उत्पादकाने ही माहिती आपल्या संकेतस्थळावर स्पष्ट दिलेली होती.

सॉकेट जुळणे ही केवळ पहिली अट आहे, आणि तीही कधीकधी फसवी ठरते. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीतील प्रोसेसरांचे सॉकेट एकाच नावाचे, एलजीए ११५१. तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर १०० किंवा २०० मालिकेच्या चिपसेटवर अधिकृतपणे चालत नाही, त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. पुढे इंटेलच्याच एलजीए १२०० सॉकेटमध्येही असाच प्रकार झाला: अकराव्या पिढीला एच४१० आणि बी४६० या चिपसेटांवर आधार मिळाला नाही. एएमडीकडे उलटी बाजूही दिसते, कारण बी५५० हा नवा चिपसेट असूनही त्यावर रायझनची पहिली पिढी चालत नाही.

म्हणून खरा आधार एकच, तो म्हणजे त्या विशिष्ट बोर्डाच्या पानावर उत्पादकाने दिलेली प्रोसेसरांची यादी. तीत आपल्या प्रोसेसरचे नाव सापडले की बहुतेक जण तिथेच थांबतात. मीही थांबलो असतो. परंतु त्याच ओळीत पुढे एक रकाना असतो, ‘कोणत्या बायोस आवृत्तीपासून’, आणि सगळी गोम तिथे आहे. पेटीतल्या बोर्डावर त्याहून जुनी आवृत्ती असेल, तर प्रोसेसर सुरूच होत नाही, आणि प्रोसेसर सुरू झाल्याशिवाय नेहमीच्या मार्गाने बायोस अद्ययावत करता येत नाही. या कोंडीतून सुटायला मी मित्राचा जुना रायझन प्रोसेसर एका दिवसासाठी उसना आणला. काही बोर्डांवर मागील बाजूस बायोस फ्लॅशबॅकचे बटण असते. ते असेल तर प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हवरून नवा बायोस लिहिता येतो. मात्र फाइलचे नाव आणि यूएसबी पोर्ट दोन्ही माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच हवेत. नवीन बोर्ड निवडताना हे बटण मी आता सर्वप्रथम शोधतो. यादी उघडताना बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांकही पडताळावा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनांच्या याद्या वेगळ्या असू शकतात.

रॅमचे प्रकरण त्यामानाने सोपे आहे. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ प्रकारची रॅम चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. दोन्हींना २८८ संपर्कबिंदू असले, तरी खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

विजेकडे मात्र दुर्लक्ष नको. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के चा मूळ वीजवापर १२५ वॉट लिहिलेला असतो, पण कमाल टर्बोला, म्हणजे वेग सर्वाधिक वाढलेला असताना, इंटेलनेच २५३ वॉट हा आकडा दिला आहे. एवढा भार स्वस्त बोर्डाचे व्हीआरएम (प्रोसेसरला हव्या त्या दाबाने वीज पुरवणारे मंडल) झेपवू शकले नाही, तर ते तापते आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. म्हणजे यादीत नाव असूनही आपण विकत घेतलेला वेग पूर्ण मिळत नाही.

शेवटी, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड घ्यायचे नसेल तर प्रोसेसरच्या नावातली अक्षरे नीट वाचावीत. इंटेलच्या ज्या नावात शेवटी ‘एफ’ असतो, त्यांच्यात वापरण्याजोगे ग्राफिक्स नसते. रायझन ५ ५६००एक्समध्येही ते नाही, ५६००जीमध्ये आहे. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर लावून मॉनिटरची केबल बोर्डाला जोडली, तर पडदा माझ्या त्या संध्याकाळसारखाच काळा राहतो, आणि बायोस कितीही नवा केला तरी उजळत नाही.