अंगणाचे काम : पाण्याच्या वाटेपासून हिरवळीपर्यंत

घरामागच्या मोकळ्या जागेत फरसबंदी वाट, बसायला एक कट्टा, दोन-तीन झाडे आणि थोडी हिरवळ करावी, असे आमच्या मनात होते. परंतु पावसाचे पाणी घराच्या जोत्याला लागून साचते हे ठाऊक असल्यामुळे फरशीचा रंग आणि झाडांची निवड हे विषय बाजूला ठेवून मी आधी पाण्याकडे वळले. काम पूर्ण झाल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, अंगणाच्या कामात कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने केली यावरच बहुतेक सारे अवलंबून असते, म्हणून तो क्रम येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिले काम केवळ पाहण्याचे होते. जोराचा पाऊस सुरू असताना पाणी कोठून येते, कोठे वळते आणि पाऊस थांबल्यावर कोठे रेंगाळते, हे पाहून मी आवाराच्या मोजमापी नकाशावर बाण काढून ठेवले. अंगणातले पाणी हे केवळ अंगणावर पडलेले पाणी नसते, हे त्यातून स्पष्ट झाले. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे 1000 लिटर पाणी खाली येते आणि पन्हळीचे तोंड जोत्याजवळच उघडत असेल तर ते सगळे तेथेच मुरते. त्यानंतर पारदर्शक नळीत पाणी भरून ठिकठिकाणच्या पातळ्या मोजल्या. ही जुनी पद्धत आजही अचूक आहे, मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. जोत्यापासून पहिल्या 3 मीटरमध्ये जमीन साधारण 15 सेंटिमीटर खाली उतरावी, फरसबंदीला दर मीटरमागे 2 सेंटिमीटर उतार असावा आणि तयार अंगणाची पातळी भिंतीतल्या ओलरोधक थराच्या किमान 15 सेंटिमीटर खाली राहावी, ही मापे ठरवून घेतली. हा उतार शेजाऱ्याच्या कुंपणाकडे नेणे योग्य नव्हे. आपल्या आवारातले पाणी शक्यतो आपल्याच आवारात जिरवावे.

ते जिरेल की नाही, हे जमीनच सांगते. सुमारे 30 सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरला, ते पाणी पूर्ण जिरल्यावर पुन्हा भरला आणि दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते मोजले. हा वेग तासाला 2.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर निचरा मंद समजावा, आणि आमचा त्याहून बराच कमी निघाला. काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून जोराने हलवून ठेवल्यावर कारणही दिसले. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयट्याला काही तास लागतात, तर चिकणमाती दिवसभर किंवा त्याहूनही अधिक काळ पाणी गढूळ ठेवते. आमच्या बरणीतले पाणी दुसऱ्या दिवशीही निवळले नव्हते. अशा मातीत थोडी वाळू मिसळावी, असा सल्ला अनेकांनी दिला, पण तो मी मानला नाही, कारण चिकणमातीत अल्प प्रमाणात वाळू मिसळल्याने ती मोकळी होण्याऐवजी अधिक घट्ट होऊ शकते. त्याऐवजी लागवडीच्या जागी कुजलेल्या खताचा 5 सेंटिमीटर थर वरच्या 15 ते 20 सेंटिमीटर मातीत मिसळला, आणि तेही माती ओली नसताना.

निचऱ्यासाठी घराला समांतर चर खणला, त्यात जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड अंथरले, खडीवर सच्छिद्र नळी छिद्रे खालच्या बाजूला ठेवून बसवली आणि दर मीटरला 1 सेंटिमीटर उतार देऊन ती घरापासून दूरच्या शोषखड्ड्यात सोडली. खोदाईपूर्वी वीज, पाणी आणि गॅसच्या वाहिन्या कोठून गेल्या आहेत याची संबंधितांकडून खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. वाटेखाली एक रिकामी नळी आडवी टाकून ठेवली, म्हणजे पुढे दिव्याची तार किंवा ठिबकची नळी न्यायची झाल्यास फरशी उखडावी लागणार नाही. चर बुजवण्याआधी मोजपट्टीसह छायाचित्रेही घेतली.

फरसबंदीच्या अंदाजपत्रकात केवळ 'फरशी बसवणे' एवढेच लिहिलेले होते. मी नम्रपणे, पण ठामपणे त्याची फोड करून मागितली : खोदाई किती खोल, खडीचा थर किती जाड, तो किती थरांत दाबणार, वाळूची जाडी किती आणि कडेला आधार कसला. फरशी खचते ती बहुधा तिच्या खालच्या थरामुळे, आणि तो थर एकदा झाकला की तपासता येत नाही. पायी चालण्याच्या वाटेला दाबून 10 ते 15 सेंटिमीटर खडी आणि तिच्यावर सुमारे 2.5 सेंटिमीटर वाळू असे करारात लिहून घेतले, आणि प्रत्येक टप्पा पाहिल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही, असेही ठरले. गाडी जाणार असेल तर पाया याहून जाड लागतो. प्रमाणाचा अंदाज घरीच काढता येतो : 10 चौरस मीटर जागेवर 10 सेंटिमीटर थर म्हणजे 1 घनमीटर, आणि दाबल्यावर खडी बसत असल्यामुळे मागणी त्याहून थोडी अधिक करावी लागते.

आवारातल्या जुन्या झाडासाठी मी वाटेची आखणी बदलली. झाडाची बहुतांश मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. तेथे भराव टाकला किंवा जड यंत्र फिरवले तर हवा आणि पाणी न मिळाल्याने झाड काही वर्षांनी वाळते, आणि तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून काम चालू असेपर्यंत त्या घेराभोवती तात्पुरते कुंपण घातले.

नवी रोपे लावताना खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन ते तीन पट रुंद, पण खोलीला गोळ्याइतकाच घेतला, जेणेकरून खोडाचा बुंधा जमिनीच्या वर राहील. आच्छादन 5 ते 8 सेंटिमीटर जाड घातले आणि ते खोडाला चिकटू दिले नाही. हिरवळ सर्वांत शेवटी केली, कारण तिच्यावरून घमेली आणि हातगाड्या जाऊ देण्यात अर्थ नव्हता. पहिले वर्षभर रोपांना रोज थोडे पाणी न देता, वरची 5 सेंटिमीटर माती बोटाने चाचपून ती कोरडी लागली तरच आळे भरून सावकाश पाणी दिले, त्यामुळे मुळे खोलवर गेली आणि वर्ष सरल्यावर आधाराच्या काठ्या काढून घेता आल्या.