दहा मिनिटं म्हणजे वीस

ऑनलाइन बुद्धिबळ खेळणारं माणूस ‘दहा मिनिटांचा एक डाव टाकते आणि उठते’ असं म्हणालं, की घरच्यांनी ते वीस धरावं. घड्याळं दोन असतात. दहा मिनिटं माझी, दहा समोरच्याची. समोरचा विचारात पडलाय म्हणून मी उठून भाजी परतायला जाऊ शकत नाही. म्हणजे जाऊ शकते, पण परत येईपर्यंत त्याचा घोडा नेमका नको त्या घरात येऊन बसलेला असतो आणि माझे सेकंद गळायला लागलेले असतात. म्हणून वेळ निवडताना मी आधी दुप्पट करते आणि मग हाताशी वेळ किती आहे ते बघते.

माझ्या हाताशी असतो तो ठाणे ते वाशी एवढा वेळ. नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरची ट्रान्सहार्बर लोकल साधारण अर्ध्या तासात वाशीला पोचवते. गाडी ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे लेडीज डब्यात बसायला मिळण्याची आशा असते, आणि खिडकी नाही मिळाली तरी बुद्धिबळाला खिडकी लागत नाही. गाडी हलताना १०+० चा डाव लावला तर तो तुर्भ्यापर्यंत कसाही संपतोच. मात होवो, बरोबरी होवो, नाहीतर कुणाचं तरी घड्याळ शून्यावर येवो. मधे नेटवर्क गेलं तर मात्र माझंच घड्याळ पळत राहतं आणि मी फोन खिडकीच्या दिशेला धरून घणसोलीची वाट बघत बसते.

हे १०+० मधलं अधिकचं चिन्ह आणि त्यापुढचा आकडा, सगळी मेख तिथे आहे. पहिला आकडा मिनिटांचा, दुसरा दर चालीमागे घड्याळात जमा होणाऱ्या सेकंदांचा. त्याला इन्क्रीमेंट म्हणतात. ही कल्पना रुजवली माजी जगज्जेता बॉबी फिशरने. अशा घड्याळाचं अमेरिकन पेटंट त्याला १९८९ साली मिळालं आणि १९९२ मध्ये जुना प्रतिस्पर्धी स्पास्कीविरुद्ध पुन्हा खेळताना त्याने ते घड्याळ वापरलंही. फिशरच्या बाकीच्या वागण्याबद्दल मला काही बोलायचं नाही, पण या एका गोष्टीसाठी त्याला शंभर गुन्हे माफ असावेत असं मला वाटतं. निदान साठ तरी.

कारण वरचे सेकंद नसले की डावाच्या शेवटी काय होतं ते बघा. माझ्याकडे राजा आणि वजीर, समोर राजा आणि एक फुटकळ प्यादं, आणि माझ्या घड्याळात चार सेकंद. आता इथे बुद्धिबळ संपलं. उरली ती बोटांची शर्यत. घड्याळ शून्यावर आलं की मी हरले, कारण ते प्यादं तत्त्वतः पुढे जाऊन वजीर होऊ शकतं. त्याच्याकडे नुसता राजा उरला असता तर नियमाने बरोबरी, कारण एकट्या राजाला मात करता येत नाही. म्हणजे चार सेकंद असताना शहाण्याने मात शोधत बसू नये, प्यादं खावं. तर्कशुद्ध आहे सगळं, पण तासभर चाललेल्या भांडणाचा निकाल ‘तुझा आवाज आधी बसला’ म्हणून लावल्यासारखं वाटतं.

इन्क्रीमेंट असलं की हे होत नाही. ५+५ लावलं तर कितीही तंगी आली तरी पुढच्या चालीला पाच सेकंद असतातच. आणि गंमत म्हणजे ५+५ आणि १०+० मध्ये वेळ जवळपास सारखाच जातो. साठ चालींचा डाव झाला तर पाच मिनिटं मूळची आणि साठ गुणिले पाच सेकंद म्हणजे पाच मिनिटं वरची, बरोबर दहा. जागतिक संघटना फिडे हिशेब असाच साठ चालींवर करते आणि दहा मिनिटांपर्यंतच्या डावाला ब्लिट्झ म्हणते. मी जिथे खेळते ती लिचेस ही वेबसाइट मात्र चाळीस चाली धरते आणि आठ मिनिटांच्या पुढे रॅपिड सुरू करते. त्यामुळे फिडेच्या लेखी जो ब्लिट्झ, तोच डाव लिचेसवर रॅपिड. माझी रॅपिडची पातळी सांगताना मी कुठली ते सांगत नाही.

तर माझं मत असं की पहिल्या आकड्यावर फार डोकं चालवू नये, दुसरा शून्य नसला म्हणजे झालं. आणि रोज सकाळी ट्रान्सहार्बरमध्ये मी लावते ते १०+०. इलाज नाही. इन्क्रीमेंटवाल्या डावाला शेवट असा ठरलेला नसतो. १५+१० हा खरा माझा आवडता, पण चाळीस चालींत तो एकेकाला एकवीस मिनिटं चाळीस सेकंद देतो. दोघांचे मिळून त्रेचाळीस मिनिटांच्या वर. वाशीला उतरून, जिना चढून, रिक्षाच्या रांगेत उभं राहूनही हत्तींची मारामारी चालू. रांगेत मागची बाई ‘ताई, पुढे सरका’ म्हणते तेव्हा तिला काय सांगणार?

१५+१० ला कुणी हलकं समजू नये. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली, नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यात. क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला तो १५+१० च्या रॅपिडमध्ये. हंपी म्हणजे २०१९ आणि २०२४ ची रॅपिडची जगज्जेती. तिला एकोणीस वर्षांच्या मुलीने तिच्याच आखाड्यात हरवलं. माझ्या फोनवर आणि बातुमीच्या पटावर वेळ एकच होती, याचा मला उगाचच अभिमान वाटतो. बाकी साम्य काही नाही.

ऐरोलीला राहणारा माझा भाचा या सगळ्यावर हसतो. तो १+० खेळतो. बुलेट. “मावशी, पंधरा मिनिटांत माझे सात-आठ गेम होतात,” हा त्याचा युक्तिवाद. मी बघितलंय त्याला खेळताना. समोरच्याची चाल व्हायच्या आधीच याची पुढची चाल लावून ठेवलेली असते. तो विचार करतच नाही असं नाही, पण तो बहुतेक कालच करून ठेवलेला असतो. खरं तर वेळ सगळ्यात जास्त खातो तो हाच प्रकार. १५+१० चा डाव हरले तर मी दमलेली असते, फोन ठेवून देते. एक मिनिटाचा डाव हरलेला माणूस दमलेला नसतो, चिडलेला असतो, आणि ‘रीमॅच’चं बटण अंगठ्याखालीच असतं. एका डावाला वेळेची मर्यादा असते, बैठकीला कुणी घालायची? ताईचं म्हणणं आहे की तिने घालून पाहिली, वायफाय बंद करून. त्याने मोबाइल डेटा चालू केला.

दुसऱ्या टोकाला माझे सासरे. ते नौपाड्यात राहतात आणि घड्याळ हा बुद्धिबळाचा अपमान आहे असं मानतात. त्यांनी आयुष्यभर जेवणाच्या सुट्टीत खेळून कारखान्याचा भोंगा वाजला की पट तसाच कपाटावर ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू केला. १८५१ साली लंडनच्या स्पर्धेत घड्याळं नव्हती आणि संथ खेळणाऱ्यांवरून बोंबाबोंब झाली, पुढे १८६१ मध्ये वाळूची घड्याळं आली आणि १८८३ मध्ये जोडघड्याळ, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, “बोंब मारणारा हरला असेल.” आता स्टाँटन नावाचा खेळाडू त्या स्पर्धेत विल्यम्सकडून हरला होता आणि विल्यम्सच्या संथपणाबद्दल सगळ्यात जास्त तक्रार स्टाँटननेच केली होती, हे मी बाबांना सांगितलं नाही.

रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं १५+१० खेळतो, ते त्यांच्या टॅबवर, मी घोडबंदरला. तडजोड आहे. लिचेसवर समोरच्याला पंधरा सेकंद जास्त द्यायचं एक छोटं बटण असतं. मागच्या महिन्यात त्यांची मिनिटं संपत आली होती आणि डाव चांगला रंगला होता, म्हणून मी ते दाबलं. लगेच फोन. “अगं, माझ्या घड्याळात सेकंद वाढले ते तू वाढवलेस?” मी हो म्हटलं. “मला दान नकोय,” म्हणाले, आणि फोनवर बोलण्यात होते तेवढे सेकंद घालवून डाव हरले.

परवाच्या रविवारी बाराव्या-तेराव्या चालीला, माझ्याकडे अजून भरपूर मिनिटं असताना, माझ्या घड्याळात एकदम पंधरा सेकंद वाढले. मी फोन केला. चुकून बोट लागलं म्हणाले. पुढच्या चालीला पुन्हा पंधरा.