बाहुल्यांना फेड चालत नाही

मी लायटिंगवाला. नाटकं, लावणीचे शो, ऑर्केस्ट्रा, सगळं केलंय. काही वर्षांपूर्वी भोपाळला एका शोचं लाइट करायला बोलावलं, लिटिल बॅले ट्रूपचं 'रामायण'. बॅले म्हटल्यावर मी आपला पायाच्या अंगठ्यावर गिरक्या घेणाऱ्या मुली डोक्यात धरूनच गेलो.

तिथे कळलं की ही मंडळी मूळची आपल्या मुंबईची! शांती बर्धन म्हणजे अल्मोड्याला नर्तक उदय शंकरांकडे काम केलेले, मग मुंबईत इप्टा या नाट्यसंस्थेत, १९५२ ला त्यांनी हा ट्रूप काढला आणि 'रामायण' बसवलं, ज्यात माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचतात, तोंडावर मुखवटे. क्षयाने आजारी होते, १९५४ ला गेले. ट्रूप तिथेच संपायचा पण त्यांच्या पत्नी गुल बर्धननी रेटला, १९६४ ला ग्वाल्हेर, पुढे १९८४ ला भोपाळ. २०१० ला त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्याही गेल्या.

आता माझी फजिती. सवयीने फ्रंट, म्हणजे समोरचा लाइट, उंचावरून मारला आणि मुखवट्यांच्या डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे. राम काय, रावण काय, सगळे आंधळे! मग दोन स्पॉट खाली आणले, बाजूने साइड दिला, तेव्हा कुठे चेहरे दिसायला लागले. पण खरा घोळ क्यूंचा, म्हणजे लाइट कधी बदलायचा त्या खुणांचा. मी सगळीकडे मस्त सात-आठ सेकंदांचे फेड लावलेले, म्हणजे लाइट हळूहळू बदलणार, आणि बाहुल्या तर झटक्याने चालतात, मान टक, हात टक, थांबल्या की थांबल्या, त्यामुळे माझा लाइट आपला मागून रांगत येतोय असं दिसायला लागलं.

माझ्या लाइट बोर्डाजवळ ट्रूपचे एक जुने कलाकार येऊन बसले होते, वय झालेलं, गुडघे गेलेले. त्यांनी बघितलं, म्हणाले, "बेटा, ताल पे काट दो." आणि टेबलावर बोटांनी मात्रा मोजून द्यायला लागले. मी अर्धे फेड उडवले, सरळ कट, लाइट एका झटक्यात बदल.

रात्री शोला पण त्यांना शेजारीच बसवलं. क्यू शीट मी उघडलीच नाही म्हटलं तरी चालेल, कारण ह्यांचं बोट थांबलं की माझं बटण. मध्येच सहज तिकडे बघितलं तर स्टेजवरच्या बाहुलीने मान वळवली आणि अंधारात खुर्चीत बसल्या बसल्या ह्यांचीही मान तशीच, तेवढीच, टक करून वळली. चेहऱ्यावर काही नाही. पुढचा क्यू माझा दीड मात्रा उशिरा पडला हो, नजरच हलेना तिथून.

ब्लॅकआउट झाल्यावर ते गुडघा धरून उठले, म्हणाले, "एक लेट था." म्हटलं, हो.