कोबा कशाने पुसता, तुम्ही विचारलंत म्हणून

"टाइल्स का नाही बसवत?" आणि "मग हा सिमेंटचा कोबा पुसता तरी कशाने?" घरी येणारं प्रत्येक माणूस हे दोन प्रश्न विचारतं. पहिल्याचं उत्तर मी टाळत आलोय. परवा ओटीवर चहा पिताना तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून आता दोन्हींचं देतो.

दुसरं सोपं आहे. आधी कोरडी केरसुणी. मग नुसतं साधं पाणी, जमीन सगळीकडे सारखी काळपट दिसेपर्यंत. मग बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, घट्ट पिळलेलं फडकं, आणि शेवटी परत साध्या पाण्याचा हात. ते पहिलं पाणी कुणाला पटत नाही. पण आमच्या कोब्यावर कसलाही लेप नाही, तो पाणी पितो. आधीच साधं पाणी प्यालेला असला की साबणाचं मळकं पाणी फारसं आत ओढत नाही. तेल सांडलं तर खडूची पूड आणि धुण्याचा सोडा पाण्यात जाडसर कालवून डागावर थापा, वर प्लास्टिक टाका, रात्रभर राहू द्या. आंबट मात्र काही लावू नका. लिंबू नाही, चिंच नाही, व्हिनेगर नाही. सिमेंटात चुना असतो, आंबट तो खातं. चुलीपाशी कधीतरी कोकमाचं आगळ सांडलं होतं. लाल डाग कधीच गेला, पण तिथे बोट फिरवलं की अजून खरखर लागते.

हे मला तेव्हाही थोडंफार माहीत होतं.

पावसाळा संपून जमीन सुकायला लागली की ओटीवर पांढरी पूड उमटते. खालचा जांभ्याचा भराव ओल धरतो, ती ओल वर येते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. कोरड्या ब्रशने झाडून काढायचे, बस. पाणी मारलं तर विरघळून परत आत जातात. पण बहिणीचा साखरपुडा चार दिवसांवर आला होता, पाहुणे ओटीवरच बसणार होते, आणि मला ओटी चकचकीत हवी होती. दुकानातून फरशीचं अ‍ॅसिड आणलं आणि कोरड्या कोब्यावर तसंच ओतलं. खळखळून फेस आला. मळ निघतोय असं वाटून मला बरं वाटलं. निघत होतं सिमेंट. धुऊन सुकल्यावर परातीएवढ्या जागेवरची गुळगुळीत साय गेली होती आणि वाळूचे कण उघडे पडले होते.

तो कोबा बाबांनी घोटलेला. गवंडी होता, पण शेवटचा नीरूचा, म्हणजे नुसत्या सिमेंटच्या पातळ कालवणाचा, हात बाबांनी स्वतः मारला होता, गुडघ्यावर बसून, मे महिन्यात, रात्री उशिरापर्यंत.

ते आले, खाली बसले, हात फिरवला आणि विचारलं, "आधी पाणी ओतलं होतंस ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग माझीच घोटाई कच्ची राहिली. नीरू उशिरा मारला असणार."

मी काही बोललो नाही. सव्वीस वर्षांचा होतो, घरात लग्नकार्य होतं, बाटलीवर फरशीचंच चित्र होतं. हे सगळं खरं आहे. पण त्यानंतर सहा वर्षं, बाबा जाईपर्यंत, कुणी त्या जागेकडे पाहिलं की ते आपणहून सांगायचे, "इथे माझा हात चुकला." दरवेळी मी तिथेच असायचो.

आता टाइल्सचं. त्या बसवायच्या तर कोबा टोचे मारून खरवडावा लागेल, आणि ते माझ्याने होत नाही. वर रंगासारखा लेप द्या म्हणता, तर खालच्या ओलीने तो पापुद्रे धरून सुटेल. आत मुरून सिमेंट घट्ट करणारं द्रावण मिळतं, त्याने ओटीची धूळ थांबेल, हे मला कळतं. दोन वर्षं ठरवतोय. बाबांचं काम जपतोय की माझी चूक तशीच ठेवून बसलोय, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या जागी फडक्याचे धागे अडकतात, म्हणून तिथे हाताने पुसतो. परवा तुम्ही तिकडे बोट दाखवलंत तेव्हा मी "जुनं काम आहे" म्हणालो. ते बाबांचं काम नाही. ते मी केलंय.